ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी

आमच्या गावात ग्रामसभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहा-साडेसहाला आम्ही सात-आठ जण शाळेच्या व्हरांड्यात बसतो आणि कागद वाचतो. बॅनर नसतो, फोटो नसतो, भाषण नसतं. उद्याचा अजेंडा, मागच्या सभेचं प्रोसिडिंग, एखाद्या कामाचं इस्टिमेट हाती लागलं असेल तर ते, आणि वर्षाचा आराखडा. एक जण मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे मध्ये मध्ये थांबवतात, "परत वाच ते", "हे कुठलं गटार, देवळामागचं का?" असं. चार वर्षं झाली आता. आणि मला पक्कं वाटायला लागलंय की विकेंद्रीकरण, लोकसहभाग वगैरे जे मोठमोठे शब्द आपण ऐकतो ना, त्यातलं निम्मं काम ह्या एका तासात होतं. बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलेय, लांबेल जरा.

मी ह्यात आले ती शाळेमुळे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २१ आहे, त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत. मुलगी दुसरीत असताना माझं नाव त्यात घातलं गेलं, पालकसभेला बायका कमी आल्या होत्या आणि मी पुढच्या रांगेत बसले होते, बास. मग वर्षभर काय व्हायचं तर एखादा पोरगा रजिस्टर घेऊन घरी यायचा, काकू इथं सही करा, सरांनी सांगितलंय. मी करायचे. पिठाचे हात पुसून सही केलीय मी. मग एक दिवस मुलगी बोलता बोलता म्हणाली की शाळेत ती दिवसभर पाणीच पीत नाही, कारण संडासात पाणी नसतं. त्याच आठवड्यात रजिस्टर आलं आणि मी पहिल्यांदा ते उघडून वाचलं. मागच्या महिन्याच्या पानावर लिहिलं होतं, स्वच्छतागृहात पाण्याची सोय झाल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले. खाली सह्या. त्यात माझी.

ती सही मी अजून विसरलेली नाहीये.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर सर म्हणाले ताई आमची टाकी आहे, नळ आहे, पण कनेक्शन पंचायतीचं आणि पाणी पंचायत सोडणार, तुम्ही हे ग्रामसभेत मांडा. त्यांचं चुकत नव्हतं. म्हणून २६ जानेवारीला आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला गेले, लग्न होऊन ह्या गावात आल्याला अकरा वर्षं झाली होती तेव्हा.

चाळीसेक माणसं होती. कोरम म्हणजे गावच्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, ह्यातलं जे कमी असेल ते. कोरम झाला नाही, सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात तहकूब सभा घेतली आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते, त्यामुळे तीस माणसांवर चौदा विषय पाऊण तासात झाले. त्यातली वीस मिनिटं दोन गट एका रस्त्यावरून एकमेकांच्या अंगावर जात होते. माझा विषय शेवटी "ऐनवेळचे विषय" मध्ये आला, मी उभी राहिले, बोलले, सरपंचताई म्हणाल्या बघू, घेऊ. संपलं. घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की तिथं ओरडणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात कागद नव्हता. रस्त्याला किती पैसे आलेत, आलेत का, कुठल्या खात्यातून, कुणाला माहिती नव्हतं. मलाही नव्हतं.

कायदा बघाल तर ग्रामसभेला दिलेलं खूप आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, शेती, पिण्याचं पाणी, प्राथमिक शाळा, आरोग्य, रस्ते, दिवे सगळं त्यात. आपल्याकडे तर त्याच्या कितीतरी आधीपासून होतं, १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा, मग वसंतराव नाईक समिती आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या, त्याआधी महिलांची सभा वेगळी घ्यायची, घरकुलाचे किंवा बाकी योजनांचे लाभार्थी ग्रामसभेत निवडायचे, आणि आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत होणाऱ्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि शेवटच्या ऑडिटची टिपणी लोकांपुढे ठेवायची. हे सगळं लिहिलेलं आहे. पण घटनेतल्या २९ विषयांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला पाहिजे, कलम २४३छ म्हणतं की राज्याचं विधिमंडळ हे अधिकार पंचायतींना "देऊ शकेल". देऊ शकेल. म्हणजे किती द्यायचं, कधी द्यायचं हे वरच्याच्या मनावर राहिलं, आणि विषय दिला तरी त्याची माणसं आणि पैसे दिलेच पाहिजेत असं काही झालं नाही. ह्याच्यावर पुढे बोलते कारण त्याचा चटका आम्हाला बसलाय.

तर कागद. मी आणि शेजारची एक मैत्रीण, आम्ही दोघी पंचायतीत गेलो भाऊसाहेबांकडे. (हल्ली २०२४ पासून ग्रामसेवक हे नाव जाऊन ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात भाऊसाहेबच.) त्यांच्याकडे आमच्यासारखी अजून दोन गावं होती, आठवड्यातले दोन दिवस आमच्याकडे, त्या दोन दिवसांत दाखले, घरपट्टीची वसुली, ऑनलाईनच्या एन्ट्र्या. पहिल्या दोन वेळा ते म्हणाले नंतर या. तिसऱ्या वेळी म्हणाले ताई तुम्हाला नक्की काय पाहिजे ते कागदावर लिहून द्या. आम्हाला तेच माहिती नव्हतं, काय मागायचं असतं! मग त्यांनीच सांगितलं, प्रोसिडिंग बुक बघा, आराखडा बघा, आणि मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडा, त्यात तुमच्या पंचायतीचं नाव टाकलं की मंजूर कामं आणि झालेला खर्च दिसतो, त्याला कुणाला विचारायला लागत नाही. हे त्यांनी आनंदानं सांगितलं हो. मला वाटतं त्यांनाही कुणी तरी येऊन विचारावं असं वाटत असणार, कारण नाहीतर त्यांच्या वाट्याला फक्त शिव्या.

पहिल्या संध्याकाळी चौघंच होतो. आराखडा वाचताना "बंधित" आणि "अबंधित" असे दोन शब्द परत परत यायला लागले. शोधलं तेव्हा कळलं की १५व्या वित्त आयोगाचा जो पैसा २०२१ ते २०२६ ह्या काळात पंचायतींना येत होता त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता ह्यावरच खर्च करायचा, आणि ४० टक्केच मोकळा. आणि राज्यानं त्याची वाटणी केलीय ती ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १०, जिल्हा परिषदेला १०. आता विचार करा, ज्या रस्त्यावरून दोन गट वर्षभर भांडत होते त्या रस्त्याला वापरता येण्यासारखा पैसा त्या वर्षी उरलाच नव्हता, मोकळ्या ४० टक्क्यांतून आधीच कामं धरलेली होती, आणि बंधितला हात लावता येत नव्हता. "सरपंचांनी खाल्ले" असं गावभर झालं होतं. सरपंचताईंना ते नीट सांगता येत नव्हतं कारण त्यांनाही कुणी नीट सांगितलेलं नव्हतं, पहिलीच टर्म त्यांची. पुढच्या सभेत आमच्यातल्या एका पोरानं ते आकडे फळ्यावर लिहिले. भांडण थांबलं नाही पण त्याचा सूर बदलला, आता लोक म्हणायला लागले की बंधितचा एवढा पैसा आहे तर वरच्या वस्तीला पाण्याची लाईन का नाही टाकत?

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कागद वाचायला लागलो की आपण सरकारच्या मागे लागणार, चुका काढणार असं सगळ्यांना वाटतं, पंचायतवाल्यांना तर वाटतंच. पण आमचा अनुभव असा की निम्म्या वेळा कागदानं पंचायतीवरचा खोटा आळ काढला. आणि उरलेल्या निम्म्या वेळा कुठं बोट ठेवायचं ते नेमकं दाखवलं.

वरच्या वस्तीच्या लाईनची गोष्ट सांगते. ठराव झाला, सूचक-अनुमोदक सगळं, आराखड्यात काम आलं, मग जिल्हा परिषदेच्या इंजिनियरनी इस्टिमेट केलं. ते आम्ही व्हरांड्यात वाचत होतो तेव्हा आमचे एक आबा, सत्तरीच्या पुढचे, चष्मा नाही म्हणून नुसते ऐकत होते, ते म्हणाले ही लाईन ओढ्यातून कुठून नेलीय? पोरानं नकाशा बघून सांगितलं, बांधाच्या खालच्या अंगानं. आबा म्हणाले तिथं टिकणार नाही, मागं एकदा तिथली लाईन पहिल्याच पावसात गेली होती, ओढा तिथं वळतो आणि काठ खातो, वरच्या बाजूनं खडकावरून घ्या, पाईप थोडा जास्त लागेल. इंजिनियर साहेब आले तेव्हा आबा त्यांना घेऊन ओढ्यात उतरले. साहेबांनी बघितलं, इस्टिमेट बदललं. त्यांनी ऐकलं ह्याचं मला अजून कौतुक वाटतं, कारण ते ऐकायला बांधील नव्हते. लाईन पडायला पुढे दीड वर्ष गेलं, तांत्रिक मंजुरी, टेंडर, एकदा ठेकेदारच आला नाही. पण पडली आणि दोन पावसाळे झाले, जागेवर आहे. निर्णय खाली यावेत असं का म्हणायचं ह्याचं माझ्याकडे ह्याहून चांगलं उत्तर नाही, ओढा कुठं वळतो ते तालुक्याच्या ऑफिसातल्या फाईलीत कुठून असणार.

आता महिला सभा. कायद्यानं ती ग्रामसभेच्या आधी व्हायलाच पाहिजे. आमच्याकडे ती रजिस्टरात व्हायची. आम्ही अंगणवाडीत दुपारी तीनला घ्यायला लागलो, तीनला कारण त्या वेळी रानातनं येऊन जेवून जरा टेकायची वेळ असते, अकराला ठेवली तर कोण येणार. पहिल्या सभेत पाणी, दिवे असे विषय येतील वाटलं होतं, तर वरच्या आळीतली एक मावशी म्हणाली पाणी पहाटे चारला का सोडता? सगळ्या एकदम बोलायला लागल्या. चारला पाणी म्हणजे साडेतीनला उठायचं, मग झोप नाही, पोरींच्या परीक्षा असल्या तरी त्यांनीच उठायचं. पाणी सोडणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला मागं कधीतरी लाईट रात्रीचीच असायची तेव्हापासून ती वेळ आहे, आता दिवसाही लाईट असते, मला काय, सहाला सोडतो. झालं. एक रुपया लागला नाही, आणि कित्येक वर्षं गावातल्या सगळ्या बायका त्या वेळेला उठत होत्या. दुसरा विषय पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा, टाकीत रोज टाकतात का, टाकत असतील तर वास का येत नाही, तर आता पावडर आल्या-गेल्याची वही पंचायतीत टेबलावर असते आणि कुणीही बघावी. तिसरा होता एसटी स्टँडपासून आत येणाऱ्या वाटेवरचा दिवा, कॉलेजच्या पोरी संध्याकाळच्या गाडीनं येतात. बायकांनी मागितलेल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागतच नव्हते, आणि पैसे लागत नाहीत म्हणून त्या कुठल्या आराखड्यात कधी आल्याच नाहीत. आराखडा म्हणजे बांधकामाची यादी अशीच आपली समजूत. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये ५० टक्के जागा महिलांना आहेत, ते फार मोठं काम झालं, पण खुर्चीवरच्या बाईच्या मागे दुपारी तीनला अंगणवाडीत जमलेल्या साठ बायका असल्या तर ती बोलते, नसल्या तर तिच्याऐवजी घरातलंच कुणीतरी बोलतं. हे मी आमच्याकडे दोन्ही प्रकारे बघितलंय.

आणि शाळेच्या संडासाला पाणी आलं का? आलं. चार महिने लागले.

जे झालं नाही ते पण सांगते. आमच्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टरचं पद दोन वर्षं रिकामं होतं. गरोदर बायकांना तपासणीला अकरा किलोमीटर जायला लागायचं. आम्ही ग्रामसभेत ठराव केला, एकमतानं, शंभरच्या वर माणसं होती. ठराव वर गेला. उत्तर नाही. पुढच्या सभेत परत केला. उत्तर नाही. तिसऱ्यांदा केला तेव्हा एका आजींनी विचारलं, हा वर जातो म्हणजे कुठं जातो गं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरोग्य २९ विषयांत आहे, पण सिस्टरची भरती, बदली, पगार ह्यातलं काहीच पंचायतीच्या हातात नाही, ग्रामसभेला फक्त विनंती करता येते. आणि विनंतीला किती दिवसांत उत्तर द्यायचं ह्याचं कुणावर बंधन नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं एकट्या माणसाला जन्मदाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरवून दिलंय, उशीर झाला तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. मग आख्ख्या गावानं केलेल्या ठरावाला तसं का नसावं? मला हे खरंच कळत नाही. ग्रामसभेचा ठराव आला की तीस दिवसांत लेखी उत्तर, हो का नाही आणि नाही तर का नाही, एवढं जरी नियमात आलं ना तर ग्रामसभेला येणारी माणसं दुप्पट होतील. लोक कंटाळून येत नाहीत असं म्हणतात. लोक येऊन, बोलून, ठराव करून काहीच झालं नाही म्हणून येत नाहीत.

महाराष्ट्रात ह्याच्यावर एक चांगलं काम झालेलं आहे, फार लोकांना माहिती नसतं. २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख म्हणून कार्यक्रम सुरू झाला, आधी पाच जिल्ह्यांत, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. गावातली समिती बसून आपल्या गावातल्या सेवांचं रिपोर्ट कार्ड भरायची, लसीकरण, औषधं, सिस्टर येतात का, पैसे मागतात का, आणि प्रत्येकाला रंग द्यायचा, हिरवा, पिवळा, लाल. वाचता न येणाऱ्यालाही कळतं. मग जनसुनवाई, जिथं अधिकाऱ्यांनी समोर बसून उत्तर द्यायचं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे रंगाचं कार्ड, आम्ही ते आमच्या महिला सभेत वापरायला लागलो, उपकेंद्र लाल, रेशन पिवळं, अंगणवाडी हिरवी. अंगणवाडीताईंना हिरवा मिळाला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढ्या वर्षांत त्यांच्या कामाला कुणी चांगलं म्हणलं नव्हतं.

कागद मोठ्यानं वाचण्याची ताकद बघायची तर राजस्थानात बघायला लागेल. तिथं मजदूर किसान शक्ती संघटनेनं २ डिसेंबर १९९४ ला कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची मस्टर, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं, आणि बिलं लोकांपुढे नुसती वाचून दाखवली. कामावर कधी न गेलेल्यांची नावं, न झालेली कामं, सगळं लोकांनी तिथंच बसून सांगितलं. त्यातनं पुढे १९९६ ला ब्यावरचं धरणं झालं, चाळीस दिवसांचं, माहितीच्या हक्काची मागणी देशभर गेली, आपल्याकडे अण्णा हजारेंच्या उपोषणांनंतर राज्याचा कायदा आला आणि मग १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा. म्हणजे आज मी भाऊसाहेबांकडे प्रोसिडिंग मागू शकते त्याच्या मागे एका गावात मोठ्यानं वाचलेली मस्टर आहेत.

आणि आपल्याच गडचिरोलीतलं मेंढा लेखा. धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला तो २७ एप्रिल २०११ ला, तेव्हा केंद्रातले मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण दोघं गावात आले होते. हे सगळं पेपरात येतं. पण गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल ह्यांनी कायम सांगितलेली जी गोष्ट आहे ती म्हणजे अभ्यासगट. निर्णय घ्यायची ती ग्रामसभा, आणि समजून घ्यायचं ते अभ्यासगटात, दोन्ही वेगळं. अभ्यासगटात बाहेरचा माणूस बोलू शकतो, माहिती देऊ शकतो, वाद होऊ शकतो, पण तिथं निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो बहुमतानं घेत नाहीत, सगळ्यांचं होईपर्यंत थांबतात. मी हे वाचलं तेव्हा आमच्या व्हरांड्यातल्या बैठकीला काय म्हणायचं ते मला कळलं. आम्ही पण तिथं ठरवून सभेत जात नाही हां, ह्याच्यावरून आमच्यात एकदा भांडण झालंय. एक जण म्हणाला आपण आठ जण आहोत, आधीच ठरवून एकगठ्ठा बोलू. नको म्हणलं. मग आपणच नवीन गट झालो, गावाला वाटणार हे आता आपल्याला चालवायला निघालेत. आम्ही वाचतो, आकडे फळ्यावर लिहितो, आणि सभेत ज्याला जे वाटतं ते तो बोलतो. आमच्यातलेच दोघं घरकुलाच्या यादीवरून एकमेकांच्या विरुद्ध बोललेत, चालतं.

मेंढ्याला ते जमलं त्याला अजून एक कारण आहे, त्यांच्या हातात जंगल आलं, म्हणजे उत्पन्न आलं. आदिवासी भागात ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, त्याखाली राज्यानं पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी अबंध म्हणून थेट द्यायचं २०१५ मध्ये ठरवलं. केरळनं १९९६ ला लोकयोजना सुरू केली तेव्हा राज्याच्या योजनेचा ३५ ते ४० टक्के पैसा खालच्या संस्थांना देऊन टाकला, आधी पैसा दिला आणि मग म्हणले बसा आणि ठरवा. आपल्याकडे बरोबर उलटं, आधी म्हणतात आराखडा करा, चांगला करा, लोकसहभागातून करा, आणि मग पैसे कुठल्या हेडखाली येतील ते वरून कळतं. लोकांना विचारायचं आणि विचारलेलं करायला हातात काही द्यायचं नाही, ह्यानं लोकांचा जेवढा विश्वास जातो तेवढा न विचारण्यानं पण जात नाही.

हे फक्त गावाचं आहे असं वाटत असेल तर शहरातली स्थिती त्याहून वाईट आहे. माझा भाऊ शहरात राहतो, तो म्हणतो तुमच्याकडे निदान सरपंच रस्त्यात भेटतो. ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ ला आली, तीन लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं तिच्यात आहे. पण एका प्रभाग समितीखाली लाखो माणसं. महाराष्ट्रानं २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आणली, म्हणजे मोहल्ल्याची ग्रामसभाच म्हणा, मतदारांनी बसून आपल्या भागातली कामं सुचवायची. भावाला विचारलं तुमची क्षेत्रसभा कधी झाली? त्यानं तो शब्दच पहिल्यांदा ऐकला. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी बजेटमध्ये कामं सुचवायची पद्धत सुरू झाली, ती चांगली आहे, फॉर्म भरायचा, फूटपाथ, दिवे, बसायचे बाक असं काही सुचवायचं. पण फॉर्म एकट्यानं भरायचा असतो. शेजाऱ्याला काय पाहिजे ते ऐकायला मिळत नाही, आणि ते ऐकणं हाच तर सभेचा अर्धा उपयोग. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ ला जे सुरू केलं ते सभांमधनं केलं, लोक वस्तीत जमायचे, भांडायचे, आणि पुढच्या फेरीला आपले प्रतिनिधी पाठवायचे.

आणि शहराचा सगळ्यात मोठा घाव म्हणजे निवडणुकाच न होणं. मुंबई-पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं. घटनेत कलम २४३यू सांगतं की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, प्रभागरचनेचे वाद कोर्टात होते हे मान्य, पण ह्या चार वर्षांत शहरांचं हजारो कोटींचं बजेट प्रशासकानं मांडलं आणि प्रशासकानंच मंजूर केलं. बहुतेक जिल्हा परिषदाही त्याच काळात प्रशासकाकडे होत्या. आता जिल्हा नियोजन समितीचे कमीत कमी चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतल्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातनं निवडायचे असतात, ते सदस्यच नव्हते, तर मग जिल्ह्याचा आराखडा ठरवत कोण होतं? आमच्या वस्तीची तक्रार घेऊन जायला जिल्हा परिषदेत चार वर्षं आमचा कुणी माणूस नव्हता. सिस्टरचे ठराव त्याच काळातले आहेत, हे मी नंतर जोडून बघितलं.

मला कुणी विचारलं नेमकं काय बदलायला पाहिजे तर मी तीन-चार गोष्टी सांगेन, आणि त्या फार मोठ्या नाहीत. ठरावाला ठराविक दिवसांत लेखी उत्तर, हे तर वर सांगितलंच. अजेंडा सात दिवस आधी निघतो, त्याच्याबरोबर आकडेही निघाले पाहिजेत, आणि ते नोटीस बोर्डाच्या काचेआड कुलपात नकोत, व्हॉट्सॲपवर गावाच्या ग्रुपमध्ये पडले पाहिजेत. भाऊसाहेब एका गावाला एक. आणि मोकळ्या पैशाचा वाटा वाढायला पाहिजे, अर्ध्याच्या वर, चुका होतील तर होऊ देत, वरच्यांच्या हातून पण होतातच की, आमच्या चुका निदान आम्हाला रोज येता-जाता दिसतील. निवडणूक मुदतीत व्हायलाच पाहिजे हे तर मागायलाच लागू नये.

सिस्टरचं पद शेवटी भरलं गेलं, गेल्या वर्षी, आमच्या ठरावामुळे का भरतीच निघाली म्हणून ते कुणीच आम्हाला सांगितलं नाही. सिस्टर चांगल्या आहेत. उपकेंद्राचा रंग आता पिवळा आहे, औषधांचं अजून जमत नाहीये.

१ मेची सभा आता जवळ आलीय. ही नव्या आर्थिक वर्षातली पहिली, म्हणजे जमाखर्च आणि ऑडिटची टिपणी समोर यायला पाहिजे. गेल्या सोमवारी आम्ही ऑडिटची टिपणी लेखी मागितलीय, पोच घेतलीय. भाऊसाहेब म्हणाले तालुक्याला आहे, आणतो. परवा त्यांचा आमच्या गावचा दिवस आहे, सकाळी परत जाणार आहे. ह्या वेळी मुलगी पण येते म्हणालीय, सहावीत आहे आता, मोठ्यानं वाचायचं काम तिनं स्वतःहून मागून घेतलंय.